बिस्किटाच्या डब्यातली अर्धी तिकिटं

पत्र:

नमस्कार काका,
आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. आमच्या शेजारी ९१ वर्षांचे एक आजोबा एकटे राहतात, मूळचे ब्रुकलिनचे. माझा १३ वर्षांचा मुलगा गेली दोन वर्षं त्यांच्या दारातला बर्फ काढतो, कचऱ्याचे डबे रस्त्यावर नेऊन ठेवतो. गेल्या महिन्यात त्यांनी त्याला बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा दिला. आत बेसबॉल सामन्यांची चाळीसेक फाडलेली अर्धी तिकिटं आहेत. एकावर 'एबेट्स फील्ड' (ब्रुकलिन डॉजर्स संघाचं जुनं मैदान) असं नाव आणि सामन्याचा क्रमांक आहे. तारीख नाही, आणि एक कोपरा गेलाय. बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनच्या पहिल्या सामन्याचं असंच अर्धं तिकीट पाच लाख डॉलरच्या आसपास गेलं, हे मुलाने वाचलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. त्याने एका तिकिटामागची पेन्सिलीची खरड खोडरबराने पुसलीसुद्धा, 'स्वच्छ दिसलं की भाव वाढतो' म्हणाला. यजमान म्हणतात विकून टाकू, कॉलेजची सोय होईल. एक दुकानदार सगळ्या डब्याचे ३०० डॉलर द्यायला तयार आहे. मला मात्र झोप नाही. आजोबांची मुलगी ॲरिझोनात असते. तिच्या हक्काचं आम्ही दाबून बसलोय असं वाटतं. काय करू?
— स. कु., एडिसन

ताई,

सगळ्यात आधी मुलाच्या हातातला खोडरबर काढून घ्या. पत्राचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल.

ती पेन्सिलीची खरड म्हणजे घाण नव्हे. जुने प्रेक्षक तिकिटाच्या पाठीवर तारीख लिहायचे, धावसंख्या लिहायचे, कधी पिचरचं नाव लिहायचे. ज्या तुकड्यावर छापील तारीख नाही, त्याच्या बाबतीत ही खरड म्हणजे जन्मदाखला. तिकिटाची अवस्था तपासून ग्रेड देणारे लोक अशा लिखाणासाठी थोडे गुण कापतात हे खरं आहे. पण कोणत्या सामन्याचं हेच ठरलं नाही, तर त्या गुणांना विचारतो कोण? जे पुसलं गेलंय त्यावर आता काही करू नका. तिरप्या उजेडात धरून मोबाइलवर फोटो काढा. पेन्सिलीचा दाब कागदावर उरलेला असतो, पुष्कळदा अक्षर लागतं. पोराला रागावू नका. मी चाळिशीत असताना एक तुकडा चक्क लॅमिनेट करून आणला होता, 'जपून राहील' म्हणून. तो आजही जपून आहे आणि कवडीमोल आहे.

आता त्या पाच लाखांचं बोलू. आकडा खरा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये हेरिटेज या लिलावगृहात रॉबिन्सनच्या पहिल्या, १५ एप्रिल १९४७ च्या सामन्याचं अर्धं तिकीट ४,८०,००० डॉलरला गेलं. त्याच लिलावात बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनच्या शिकागो बुल्सकडून पहिल्या सामन्याचं, २६ ऑक्टोबर १९८४ चं, न फाडलेलं अख्खं तिकीट ४,६८,००० ला गेलं. ते ज्या माणसाकडे होतं तो तेव्हा कॉलेजात होता. वडिलांनी दोन तिकिटांची सोय केली, बरोबर यायला कुणी मिळालं नाही, म्हणून एक तसंच राहिलं! अशा बातम्या वाचल्या की प्रत्येकाला आपला माळा आठवतो. पण बातमीतल्या रकमेत खरेदीदाराने लिलावगृहाला दिलेलं २० टक्के कमिशन धरलेलं असतं. म्हणजे हातोडा चार लाखांवर पडला होता. विकणाऱ्याच्या हाती येते ती त्याहून कमी रक्कम, आणि तिच्यावर पुन्हा कर. यजमानांना हे गणित आजच सांगा, म्हणजे स्वप्नांची उंची जरा खाली येईल.

त्या दिवसाला एवढा भाव का? १८८० च्या दशकानंतर मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला पाऊल ठेवता आलं नव्हतं. १५ एप्रिलला ब्रुकलिन डॉजर्सनी रॉबिन्सनला पहिल्या बेसवर उभं केलं आणि ती भिंत पडली. त्या दिवशी त्याला एकही हिट मिळाला नाही, म्हणजे स्वतःच्या टोल्याच्या जोरावर एकदाही बेस गाठता आला नाही. पण संघाला आघाडी देणारी धाव त्याने घेतली आणि डॉजर्सनी बॉस्टन ब्रेव्ह्जना ५-३ ने हरवलं. आज दरवर्षी त्या तारखेला सगळे खेळाडू त्याचा ४२ नंबर घालून उतरतात. गंमत अशी, की त्या दिवशी मैदान भरलंही नव्हतं. पंचवीस-सव्वीस हजार लोक आले, घरी गेले, आणि बहुतेकांनी खिशातला कपटा फेकून दिला. उरलेले तुकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच ज्ञात आहेत.

मुळात हा कपटा लोक खिशात ठेवत का, हे कळलं की तुमच्या तिकिटाचं अर्धं कोडं सुटतं. आपल्याकडे थिएटरचा दारवान तिकीट फाडून अर्धं हातात द्यायचा, ते खुर्चीचा नंबर बघण्यापुरतं. बेसबॉलमध्ये त्या अर्ध्या भागाला खरं काम होतं. त्यावर छापलेलं असायचं 'रेन चेक'. पाऊस आला आणि सामना पुरेसा खेळला गेला नाही, म्हणजे साधारण साडेचार-पाच इनिंग झाल्या नाहीत, तर हाच तुकडा दाखवून पुन्हा आत जाता यायचं. इंग्रजीत 'आज नको, पुन्हा कधीतरी' या अर्थाने लोक रेन चेक म्हणतात, तो शब्द इथूनच आला. म्हणजे ब्रुकलिनच्या पोरांनी हे कागद आठवण म्हणून ठेवले नव्हते. पावसाच्या भीतीने ठेवले होते.

आणि पावसामुळेच तारीख छापत नसत. सामना पुढे ढकलला गेला की तारीख खोटी ठरणार. त्यापेक्षा क्रमांक बरा. हंगामातला घरच्या मैदानावरचा अमुक क्रमांकाचा सामना, मग तो कधीही होवो. तेव्हा तुमच्या तिकिटावर तारीख नाही म्हणून ते खोटं, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ती त्या काळची रीतच होती.

मग वर्ष कसं काढायचं? एक जाड भिंग आणा, दहापट मोठं दाखवणारं असलं तर उत्तम, आणि तीन गोष्टी बघा.

पुष्कळ क्लब तिकिटावर अध्यक्षाचं नाव किंवा सहीचा ठसा छापत. डॉजर्सचे अध्यक्ष १९५० पर्यंत ब्रँच रिकी होते, ज्यांनी रॉबिन्सनला आणलं. त्यानंतर आले वॉल्टर ओमॅली. तुमच्या तुकड्यावर ओमॅलींचं नाव सापडलं, तर तो १९४७ चा नाही, विषय मिटला.

दुसरी खूण मला सर्वांत आवडते, कारण ती सरकारने नकळत ठेवून दिलेली आहे. त्या काळी तिकिटाची मूळ किंमत आणि केंद्राचा करमणूक कर वेगवेगळे छापत आणि खाली बेरीज देत. युद्धाच्या खर्चासाठी हा कर १ एप्रिल १९४४ पासून मूळ किमतीच्या २० टक्के झाला आणि १९५४ च्या एप्रिलपर्यंत तसाच राहिला. मग तो १० टक्क्यांवर आला. समजा तुमच्या तुकड्यावर मूळ १.०४, कर २१ सेंट आणि एकूण १.२५ असं दिसलं, तर तो १९४४ ते १९५४ मधला. करणाऱ्याला बारीक अक्षरांतलं हे गणित पाच मिनिटांचं आहे. मुलाला करू द्या, खोडरबराची भरपाई होईल.

तिसरी गोष्ट सामन्याचा क्रमांक. १५ एप्रिल हा १९४७ च्या हंगामातला डॉजर्सचा पहिला सामना, तोही घरच्या मैदानावर. तुमच्या तिकिटावर तीसचाळीसच्या घरातला आकडा असेल, तर रॉबिन्सनचं पदार्पण विसरा. आकडा अगदी लहान असेल तर मात्र श्वास रोखून धरा, आणि लगेच सोडाही, कारण पहिला सामना दरवर्षीच असतो. तो १९४६ चा असू शकतो, १९४८ चाही. वरच्या दोन खुणा जुळल्याशिवाय काही खरं नाही.

मला विचाराल तर ते तिकीट १५ एप्रिलचं नसण्याचीच शक्यता दांडगी आहे. एबेट्स फील्डवर एका हंगामात सत्तरपेक्षा जास्त सामने व्हायचे. पण म्हणून डबा त्या दुकानदाराच्या पुढ्यात ओतू नका. या बाजारात बहुतेक दिवस मामुली असतात आणि मधूनच एखादा दिवस सोन्याचा निघतो, तिकिटाच्या तोंडावरून ते मुळीच कळत नाही. ३१ ऑगस्ट १९५० ला याच मैदानावर गिल हॉजेसने एका सामन्यात चार होम रन मारले. २७ ऑगस्ट १९५५ ला एकोणीस वर्षांच्या सँडी कुफॅक्सने इथे मेजर लीगमधला आपला पहिला विजय मिळवला आणि चौदा फलंदाज स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक देऊन बाद, केले. तेव्हा ते नाव कुणाला माहीत होतं? २४ सप्टेंबर १९५७ ला एबेट्स फील्डवर शेवटचा सामना झाला. संघ लॉस एंजलिसला निघाला होता, ब्रुकलिनचे लोक चिडले होते, जेमतेम ६,७०२ जण आले. १९६० मध्ये मैदान पाडलं. त्या ६,७०२ मधलं एखादं तिकीट डब्यात असेल तर ३०० डॉलरवाला दुकानदार तुमच्या दाराशी दोनदा येईल, सांगून ठेवतो.

भाव ठरतो तो इथे. सामना किती मोठा, एवढ्यावर ठरत नाही. तो मोठा होता हे त्या दिवशी किती जणांना ठाऊक होतं, त्यावर ठरतो. ६ सप्टेंबर १९९५ ला बाल्टिमोरमध्ये कॅल रिपकेनने सलग २,१३१ वा सामना खेळून लू गेरिगचा विक्रम मोडला. तारीख महिनोन् महिने आधी ठाऊक होती, लोकांनी तिकिटं जपून घरी नेली, म्हणून ती आजही ढिगाने मिळतात. याउलट ३० सप्टेंबर १९७२. पिट्सबर्गमध्ये रोबेर्तो क्लेमेंतेने ३,००० वा हिट मारला, तेव्हा १३,११७ प्रेक्षक होते. पुढच्या हंगामात आणखी बघू म्हणून लोक घरी गेले. डिसेंबरच्या ३१ तारखेला भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना त्याचं विमान समुद्रात कोसळलं. तो ३,००० वा हिट त्याचा नियमित हंगामातला शेवटचा ठरला.

अख्ख्या तिकिटाचा मोह धरणाऱ्यांसाठी एक किस्सा. २९ मे २०१० ला मायामीत रॉय हॅलडेने परफेक्ट गेम टाकला, म्हणजे समोरचे सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाज ओळीने बाद, एकही बेसवर पोचला नाही. त्यानंतर यजमान क्लबने त्या सामन्याची न खपलेली तिकिटं विकायला काढली! लोकांनी घेतलीही. ती अस्सल आहेत, कोरी आहेत, आणि त्यांतल्या एकाही तिकिटाने तो सामना पाहिलेला नाही. मला विचाराल तर फाडलेलं बरं. तुमच्या डब्यातला प्रत्येक तुकडा कुणाच्या तरी खिशातून आत गेला आणि बाहेर आला आहे.

आता सांभाळायचं कसं, ते थोडक्यात. पॉलिएस्टरची पाकिटं आणा, मायलर म्हणून मिळतात. मऊ, वास मारणारं पीव्हीसी नको, ते कागदाला खातं. चिकटपट्टी नको, इस्त्री नको, वहीत चिकटवलेलं काही असेल तर ओढून काढायचं नाही. पुढच्या काळातली, नव्वदीनंतरची चकचकीत तिकिटं असतील तर ती उन्हापासून आणि गाडीच्या काचेपासून लांब ठेवा. त्यातली बरीच थर्मल कागदावर छापलेली आहेत, बँकेच्या एटीएमच्या पावतीसारखी कोरी होऊन जातात. जुना कागद अतिनील दिव्याखाली धरून बघा. साधारण १९५० नंतर कागदात उजळपणासाठी रसायनं घालायला लागले. १९४० च्या दशकातलं म्हणवणारं तिकीट त्या दिव्यात निळं लखलखलं, तर ते त्या दशकातलं नाही. भिंगाखाली अक्षरांच्या कडेला रंगीत ठिपक्यांची रांगोळी दिसली, तर घरच्या प्रिंटरचा प्रताप. तुमच्या डब्यात असं निघणार नाही, डबा आजोबांचा आहे. पण उद्या मुलाला हा नाद लागला आणि तो बाहेर विकत घ्यायला लागला, तर हे माहीत असावं. (लागणार आहे. मी लक्षणं ओळखतो.)

वर्ष आणि क्रमांक लागला की बेसबॉल रेफरन्स किंवा रेट्रोशीट या संकेतस्थळावर त्या हंगामाचं वेळापत्रक काढा, पावसाने गेलेले आणि एकाच दिवशी दोन खेळवलेले सामने लक्षात घेऊन मोजत या, आणि त्या दिवसाचा धावफलक बघा. काही लक्षणीय निघालं तरच तो तुकडा पीएसएसारख्या संस्थेकडे पाठवा. ते अस्सलपणा तपासून प्लॅस्टिकच्या बंद पेटीत घालून देतात. चाळीसच्या चाळीस पाठवलेत तर शुल्कापायी कॉलेज फंड उलट्या दिशेने वाहील.

आता तुमच्या झोपेचा प्रश्न. त्यासाठीच पत्र लिहिलंत, तिकिटांसाठी नव्हे, हे मला पहिल्या वाचनातच कळलं.

आजोबांनी शुद्धीत, स्वतःच्या हाताने, आवडत्या पोराला वस्तू दिली. ती त्याची झाली. यजमानांचं म्हणणं चूक नाही. पण देणाऱ्याला आपण काय देतोय हे ठाऊक होतं का? त्यांच्या लेखी त्या डब्यात त्यांचं बालपण होतं, पाच लाख डॉलर नव्हते. म्हणून माझं म्हणणं असं, की एकही तुकडा पाठवण्याआधी किंवा विकण्याआधी तुम्ही दोघं मुलाला घेऊन त्यांच्याकडे जा आणि सरळ सांगा: यातलं एखादं तिकीट मोलाचं असू शकतं, आम्ही शोधतोय. मग त्यांच्यादेखत मुलीला फोन लावा. ते म्हणाले 'पोराचंच आहे', तर ते मुलीच्या कानावरही गेलेलं असेल. ते विचारात पडले, तर डबा परत त्यांच्या टेबलावर ठेवा. डबा ठेवून तुम्ही जाल तेव्हा यजमानांचा चेहरा पडेल. पडू दे.

यात व्यवहारही आहे, नुसती भलाई नाही. या क्षेत्रात वस्तू कुठून आली याचा लेखी पुरावा असला की खरेदीदार निश्चिंत होतो. 'हा तुकडा माझा, मी अमुक साली वडिलांबरोबर गेलो होतो, तो मी अमक्याला दिला' असं आजोबांनी सही करून लिहिलं, नोटरीकडे नोंदवलं, तर त्या कागदाला वजन आहे, आणि देण्यावरून उद्या होणारा वादही मिटतो. असा कागद देणारा माणूस आज तुमच्या कुंपणापलीकडे बसलेला आहे. ९१ वर्षांचा आहे. पीएसएची रांग थांबेल, हे काम थांबणार नाही.

कराचं एकदा हिशेबनीसाकडून समजून घ्या, कारण अमेरिकेत भेट आणि वारसा यांत मोठा फरक पडतो. भेट मिळालेल्या वस्तूची खरेदी किंमत देणाऱ्याचीच धरतात, म्हणजे त्यांचे सव्वा डॉलर, आणि वरचा सगळा नफा ठरतो. संग्राह्य वस्तूंच्या दीर्घकालीन नफ्यावर कर २८ टक्क्यांपर्यंत जातो. वारशाने आलेल्या वस्तूची किंमत मृत्यूच्या वेळच्या बाजारभावाने धरतात. शिवाय भेट एका वर्षात ठरावीक मर्यादेपलीकडची असेल, २०२५ साठी ती १९,००० डॉलर होती, तर देणाऱ्याला सरकारकडे कळवावं लागतं. तिकीट खरोखर मोठं निघालं तर हे त्या आजोबांच्या गळ्यात पडेल, म्हणूनही त्यांच्या मुलीला अंधारात ठेवू नका. मामुली निघालं तर हा सगळा परिच्छेद विसरा.

दुकानदाराला 'विचार करून सांगते' म्हणा. तो 'उद्यापर्यंतच' म्हणेल. म्हणू दे.

आजोबांकडे जाल तेव्हा सगळा डबा न्या आणि एकेक तुकडा त्यांच्या हातात द्या. कुठली बाजू, कुणाबरोबर, पाऊस आला होता का, घरी कसे गेलात. मुलाला वहीत लिहू द्या, फोनवर आवाजही टिपू द्या. 'हे १५ एप्रिलचं का हो?' असं मात्र सुचवू नका. म्हाताऱ्या माणसाला समोरच्याला खूश करायची सवय असते, तो 'हो' म्हणून जाईल. तुम्ही फक्त ते एबेट्स फील्डचं तिकीट पुढे करा आणि गप्प बसा. १५ एप्रिल १९४७ ला मंगळवार होता आणि सामना दुपारचा. आजोबा तेव्हा तुमच्या मुलाच्याच वयाचे. त्या दिवशी ते मैदानावर असतील, तर शाळेत नव्हते. तिकीट हातात घेऊन ते आपणहून शाळा बुडवल्याचं बोलले, तर मला लगेच कळवा. काही वेगळंच बोलले तरी क्रमांक तेवढा लिहून पाठवा, वेळापत्रक मी इथे काढून ठेवलंय.

— काका